लाकूड मोजणाऱ्यांचा कागद

आग्नेय आशियाच्या पर्यावरणाचा इतिहास करायचाय, असं कुणी म्हणालं की त्याला आधी विचारावं: कुठल्या नदीचा? नुसतं ‘आग्नेय आशिया’ हे उत्तर चालत नाही. इरावतीपासून तिमोरपर्यंतच्या या पट्ट्याला हे एकच नाव सर्रास चिकटलं ते दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली दोस्तराष्ट्रांनी माउंटबॅटनच्या हाताखाली ‘साउथ ईस्ट एशिया कमांड’ उभी केली तेव्हापासून. ज्या नावाने आज विद्यापीठांत केंद्रं, अध्यासनं आणि शिष्यवृत्त्या निघतात, ते नाव फौजेच्या नकाशावरून उतरलेलं आहे. त्या नावाखाली नोकरी जरूर मिळवावी. काम मात्र एका नदीवर, एका झाडावर, फार तर एका बेटाच्या अर्ध्या भागावर करावं.

इथे झाड साग घेऊ आणि जागा जावाच्या ईशान्येची: रेम्बांग, ब्लोरा, तुबान, बोजोनेगोरो. चुनखडीच्या बुटक्या टेकड्या, काही महिने खडखडीत कोरडे, पावसात पायाला चिकटणारी माती. आलापल्लीचा किंवा मेळघाटचा माणूस ऑगस्टमध्ये इथे उतरला तर निष्पर्ण उभं रान बघून चक्रावेल, कारण आपला पावसाळा तो जावाचा कोरडा हंगाम. झाड मात्र तेच, टेक्टोना ग्रँडिस.

या रानाबद्दल सतराव्या शतकापासून जे कागदावर आहे, त्यातलं बहुतेक लाकूड हवं असलेल्या माणसांनी लिहिलेलं आहे. किती ओंडके आले, किती लांबीचे, किती सडके निघाले, कुठल्या सरदाराने कबूल केलेला भरणा केला नाही. रान किती उरलं हे सहसा कुणी लिहीत नाही, कारण ते विचारणारंच कुणी नव्हतं. या क्षेत्रातली उभी कारकीर्द म्हणजे माझ्या मते या एका अडचणीभोवती शोधलेल्या वाटा.

डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ ची, तिचं बटाव्हिया, म्हणजे आजचं जाकार्ता, १६१९ चं. जहाजं, गोदामं, पूल, तोफांचे गाडे यांना साग लागे, आणि बटाव्हियाभोवतीच्या साखरेच्या घाण्यांना सरपण. १७४० च्या दशकात माताराम या जावातल्या राज्याच्या राजाकडून उत्तर किनारा कंपनीच्या हातात गेला आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक बुपातीवर, म्हणजे जिल्ह्याच्या देशी अधिकाऱ्यावर, दरसालचा लाकडाचा भरणा बसला. तो उचलायचे ब्लांडोंग: लाकूडतोडीच्या वेठीला बांधलेली कुटुंबं. त्याबदल्यात त्यांना इतर काही देणी माफ असत. ओंडका ओढायला म्हशी-रेडे.

तोडीची पद्धत समजल्याशिवाय या नोंदी वाचता येत नाहीत. ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि खालचं पांढरं रसकाष्ठ आतल्या कठीण गाभ्यापर्यंत कापून कडं काढायचं आणि झाड उभ्या-उभ्या मरू द्यायचं. एक-दोन वर्षांनी ते वाळलं की कोरड्या हंगामात पाडायचं, नदीपर्यंत ओढायचं, आणि पाऊस लागून नदी फुगली की तराफे बांधून सोडायचं. ब्रह्मदेशातही हीच रीत. म्हणजे १७६० सालच्या आवकेच्या आकड्यामागचा निर्णय १७५८ चा असू शकतो. ज्या साली पाऊस कमी, त्या साली आवक कमी, पण तोड मात्र झालेली. ते लाकूड नदीकाठी पडून असतं आणि पुढच्या साली दोन वर्षांचं एकदम उतरतं. आवकेच्या तक्त्यावरून थेट ‘या वर्षी तोड वाढली’ असं लिहिणारा शोधनिबंध त्या नदीवरच्या कुठल्याही तराफेवाल्याने हसून बाजूला ठेवला असता.

याहून मोठी फसगत सरळ रेषेची आहे. कित्येक वर्षं भरणा जवळपास तेवढाच येतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं रान टिकून आहे. पण आधी नदीकाठचं तुटतं, मग पहिल्या टेकडीवरचं, मग पलीकडचं. ओंडके तेवढेच येतात, ओढणीचं अंतर वाढत जातं. त्यामुळे डोळे ठेवायचे ते जनावरांवर: एका ओंडक्याला किती जोड्या मागितल्या, वाटेत किती रेडे मेले म्हणून तक्रार आली, रिकाम्या झालेल्या गावांची नावं कुठली. रान हटल्याचा पुरावा लाकडाच्या रकान्यात क्वचित सापडतो. तो जनावरांच्या आणि पळून गेलेल्या माणसांच्या रकान्यात असतो.

मापांचं तर विचारूच नका. कंपनीच्या कागदात ‘फूट’ असं लिहिलेलं असतं, पण ते ऱ्हाइनलंडचं की ॲम्स्टरडॅमचं हे दर वेळी लिहिलेलं नसतं. पहिलं ३१.४ सेंटिमीटर, दुसरं २८.३. लांबीत अकरा टक्क्यांचा फरक वाटतो किरकोळ. घनफळ काढताना तो तीनदा गुणला जातो आणि एक तृतीयांशाहून जास्त होतो. पिकुल म्हणजे शंभर काटी, पण जावातला पिकुल ६१.७६ किलोचा आणि इंग्रजांच्या मलायातला साधारण साडेसाठ किलोचा. जमिनीचा बाऊ म्हणजे पाचशे चौरस ऱ्हाइनलंड रूड, सुमारे ७,०९६ चौरस मीटर. एकर समजून चाललात तर प्रत्येक हजार बाऊंमागे जवळजवळ तीनशे हेक्टर कागदावरून नाहीसे होतात. आणि सगळ्यांत घातक ते चाचाह. जावाच्या दरबारी यादीत अमक्या सरदाराकडे हजार चाचाह असं येतं, आणि चाचाह म्हणजे कष्टकरी घर असं कोशात मिळतं, म्हणून नवखा माणूस त्याला पाचाने गुणून लोकसंख्या काढतो. पण हा आकडा पुढे पुढे मानाचा झाला होता. घरं उठून गेली तरी सरदाराचे चाचाह तेवढेच, नवी वस्ती झाली तरी तेवढेच. शिरगणती नव्हे, हुद्द्याचं वजन होतं ते. मराठेशाहीतल्या मनसबी आणि सरंजामाच्या याद्या वाचलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून द्यावी लागत नाही.

कालगणनेतही मराठी वाचकाला एक फायदा आहे आणि त्याच फायद्यात खड्डा आहे. जावाचे जुने शिलालेख आणि ताम्रपट शकात आहेत. ७८ मिळवले की झालं. अंकांसाठी शब्द वापरून उलटीकडून वाचायची आपल्या ग्रंथांतली भूतसंख्येची रीतही तिथे आहे. ‘सिर्ना इलांग केर्तानिंग बुमी’ या ओळीचे अंक शून्य, शून्य, चार, एक. उलट वाचले की शके १४००, म्हणजे मजापहित या जावातल्या जुन्या राज्याच्या पाडावाचं परंपरेने मानलेलं साल, इसवी १४७८. इथपर्यंत सगळं ओळखीचं. पण १६३३ साली मातारामच्या सुलतान आगुंगने शकाचा आकडा तसाच, १५५५, ठेवला आणि वर्ष मात्र हिजरीप्रमाणे चांद्र केलं. तेव्हापासून दर वर्षी दहा-अकरा दिवस निसटत जातात. जावानी १७५२ हे साल ऑगस्ट १८२४ ते ऑगस्ट १८२५ असं पडतं; डचांविरुद्ध उठलेल्या राजपुत्र दिपोनेगोरोचं युद्ध त्याच्या अखेरीला, जुलै १८२५ मध्ये सुरू झालं. सवयीने ७८ मिळवले तर उत्तर १८३० येतं, आणि १८३० च्या मार्चमध्ये दिपोनेगोरो पकडला जाऊन युद्ध संपलेलं होतं. म्हणजे लढाईच्या आधीची दुष्काळाची किंवा गुरांच्या साथीची नोंद लढाईनंतरची ठरते, आणि कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. सुरक्षित वाट अशी: १६३३ नंतरच्या जावानी सालातून ५१२ वजा करायचे, हिजरी साल मिळतं, मग ते जंत्रीतून इसवीत न्यायचं. मोडी कागद वाचणाऱ्यांना सुहूर सन आठवेल. तिथे हिजरीचा आकडा घेऊन वर्ष सौर केलं. जावात शकाचा आकडा घेऊन वर्ष चांद्र केलं. राजांना आकडे मोडवत नाहीत.

आता कागदापर्यंत पोचायचं कसं. हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कंपनीचा संग्रह १.०४.०२ या क्रमांकाखाली आहे. हेग, जाकार्ता, कोलंबो, चेन्नई आणि केप टाऊन मिळून कंपनीची सुमारे अडीच कोटी पानं टिकली आहेत. युनेस्कोने २००३ साली ती ‘जागतिक स्मृती’च्या यादीत घेतली. त्यातला बटाव्हियाहून मायदेशी पाठवलेल्या पत्रव्यवहाराचा भाग, जवळपास पन्नास लाख प्रतिमा, आता यंत्राने वाचून शोधता येण्याजोगा केला जातोय. हे वरदान आहे आणि त्याचा पहिला तोटा असा की लोक शोधपेटीत ‘टीक’ टाकतात, दहा-बारा निकाल येतात आणि सागाचा उल्लेख कमी आहे असं ठरवून मोकळे होतात. कंपनीचा कारकून सागाला ‘कियातेन’ लिहितो, कधी ‘जात्ती’, आणि एकाच पत्रात दोन तऱ्हांनी. गावांची नावं तर ऐकून लिहिलेली. म्हणून शोधायला बसण्याआधी तीस-चाळीस पानं हाताने वाचून आपल्या विषयाच्या शब्दांची, स्पेलिंगसकट, एक यादी करायची. यंत्र लांब ‘एस’ला ‘एफ’ वाचतं, आणि समासात मागाहून लिहिलेले आकडे मजकुरात मिसळतं. आकडा उद्धृत करायचा असेल तर मूळ प्रतिमा उघडून बघणं सक्तीचं.

याच १.०४.०२ मध्ये वेंगुर्ल्याची पत्रंही आहेत. कंपनीची वखार तिथे १६३७ ला निघाली आणि शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या तिथून बटाव्हियाला जात. म्हणजे सतराव्या शतकातलं डच हस्ताक्षर शिकलेला मराठी माणूस उद्या जावाला कंटाळला तर बेकार होणार नाही. आणि ते शिकायला आधी युरोपचं तिकीट काढण्याची गरज नाही. चेन्नईला एग्मोरमध्ये तमिळनाडू अभिलेखागारात कोचीनकडचा डच दस्तऐवज आहे. पहिले तीन महिने तिथे दिवसाला एक पान या वेगाने काढले तर चौथ्या महिन्यात पाच पानं होतात. लोहाच्या शाईने कागद जाळलेला असतो, अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराचं भोक. तिथे मागच्या पानावरचा शब्द पुढे दिसतो आणि वाक्याला भलताच अर्थ लागतो. अशा पानाखाली कोरा कागद सरकवून मग वाचायचं, आणि तेवढ्यासाठीही आधी वाचनकक्षातल्या कर्मचाऱ्याला विचारायचं.

इंडोनेशियात जायचं असेल तर परवानगीचं काम प्रवासाच्या निदान सहा महिने आधी हाती घ्यावं. परदेशी संशोधकाचा अर्ज ‘ब्रिन’ या राष्ट्रीय संशोधन संस्थेकडे जातो. स्थानिक विद्यापीठातला किंवा संस्थेतला सहकारी आधी लागतो, त्याचं पत्र लागतं, नैतिक मंजुरी लागते, मग संशोधनाचा व्हिसा. पर्यटक व्हिसावर जाऊन गुपचूप कागद बघून येण्याचे दिवस संपले. २०१९ च्या कायद्याने विनापरवाना संशोधनाला शिक्षेची तरतूद आहे. लाकडाचा नमुना देशाबाहेर न्यायचा तर त्याचा वेगळा करार. पेन्सिलीहून बारीक असलेला लाकडाचा तुकडाही जैविक नमुनाच धरला जातो. कटकट आहे, पण बाहेरच्यांनी शतकानुशतकं काय काय उचलून नेलं हे बघता ती रास्त आहे. जून १८१२ मध्ये इंग्रजी फौजेने योग्याकार्ताचा राजवाडा लुटला तेव्हा ग्रंथसंग्रहही गेला. त्यातल्या लंडनमध्ये असलेल्या ७५ हस्तलिखितांच्या डिजिटल प्रती २०१९ मध्ये सुलतानाला दिल्या गेल्या. मूळ पोथ्या लंडनलाच.

कंपनी येण्याआधीच्या रानाचं काय? तिथे शिलालेख. जावाचे बरेच जुने लेख ‘सीमा’चे आहेत: अमुक जमिनीचा राजाचा वसूल मठाकडे किंवा देवस्थानाकडे वळवला, त्याचा दस्त. मंदिरांची छायाचित्रं काढणारे यांच्याकडे बघत नाहीत. केदिरीजवळचा हारिंजिंगचा लेख सांगतो की शके ७२६ मध्ये, म्हणजे इसवी ८०४ ला, चुलांगीच्या मठवाल्यांना नदीवर बांध घातल्याबद्दल सीमा मिळाली. त्याच दगडावर पुढच्या शतकातल्या, ९२१ आणि ९२७ च्या नोंदी आहेत. बांध सव्वाशे वर्षं कुणीतरी राखला, आणि हक्क पुन्हा पुन्हा मान्य करून घ्यावा लागला. कामालाग्यानचा लेख शके ९५९ चा, इसवी १०३७. ब्रांतास नदी वारिंगिन सप्त इथे फुटून खालची शेतं बुडत होती, वसूल घटला होता, लोकांचे छोटे बंधारे टिकत नव्हते. मग राजा ऐर्लंगाने मोठा बांध घातला आणि नदीचं पाणी उत्तरेकडे वळलं. त्यात एक ओळ अशी की हुजुंग गालुह या बंदराला माल न्यायला नदीतून वर जाणारे व्यापारी खूश झाले. पूरनियंत्रण, शेतसारा आणि जहाजांची वाट असे तीन विषय एका दगडावर, आणि दगड अजून जागेवर उभा आहे.

या लेखांच्या शेवटी शाप असतात. आपल्याकडे शिलाहारांच्या गधेगाळी, म्हणजे दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेले दगड, आहेत, त्यांच्याहून हे लांबलचक. देणगी मोडणारा रानात गेला तर त्याला वाघ खावो, शेतात असला तर वीज पडो, पाण्यात उतरला तर मगर ओढो. दगडावर अंडं फोडून आणि कोंबडीची मान कापून हे पक्कं करत. पर्यावरणाच्या इतिहासकाराच्या तोंडाला पाणी सुटतं: हजार वर्षांपूर्वीच्या गावाच्या भोवतालची भीतीची यादी, तीही जागांनुसार! पण हा मजकूर ठरलेल्या सांच्यातला आहे, लेखनिक तोच दुसरीकडेही वापरतो. तेव्हा त्यावरून त्या गावी मगरी होत्या असं म्हणता येत नाही. सांच्यात जिथे फेरफार होतो, एखादं जनावर जास्त येतं किंवा एखादा करमुक्त धंदा नव्याने दिसतो, तिथे थांबायचं.

वाघाचं निघालंच आहे तर: वसाहतीच्या काळात वाघ मारल्याबद्दल बक्षीस मिळे आणि त्याचे हिशेब आहेत. पण जुन्या डच नोंदी पट्टेरी वाघ आणि बिबट्या यांना पुष्कळदा एकाच शब्दात गुंडाळतात, आणि जावात दोन्ही होते. बक्षीस वाढवलं की मेलेले वाघ वाढतात. म्हणजे आकडा वाघांचा की बक्षिसाचा हे आधी ठरवावं लागतं. बालीचा वाघ १९३७ नंतर संपल्यात जमा, जावातल्या शेवटच्या खुणा १९७६ साली मेरू बेतिरीत. हे सगळं मोजायची शिस्त लावली ती पीटर बूमगार्ड (१९४६–२०१७) यांनी. ते मूळचे आर्थिक-सामाजिक इतिहासाचे. लोकसंख्या आणि किमती मोजता मोजता जंगलाकडे वळले, जंगलातून वाघाकडे. या क्षेत्रात येण्याची मला सर्वांत भरवशाची वाटणारी वाट हीच: आधी कोरड्या आकड्यांत मुरायचं, जनावरं नंतर. उलट क्रमाने आलेले लोक लवकर भावुक होतात.

१८०८ मध्ये डच गव्हर्नर जनरल डेंडल्सने वनखातं काढलं, मधल्या इंग्रजी अमलात ते विस्कटलं. १८६५ च्या वनकायद्याने ब्लांडोंगची वेठ संपली आणि सागाचं रान सरकारी झालं. वेठ गेली हे खरं, पण त्याच झटक्यात घराला खांब आणणारा माणूस चोर ठरला. (आपल्याकडे मुंबई इलाख्यात १८४७ लाच वनांसाठी कॉन्झर्व्हेटर नेमला गेला होता; हेतू तोच, इमारती आणि जहाजी लाकूड.) ब्लोराकडे १८९० च्या सुमारास सामिन सुरोसेन्तिको या शेतकऱ्याभोवती लोक जमले. जमीन, पाणी, लाकूड सगळ्यांचं, असं म्हणून त्यांनी कर आणि वेठ नाकारली, रानातलं लाकूड उघडपणे आणलं. दंगा नाही, मारामारी नाही. सरकारी प्रश्नांना वेडीवाकडी उत्तरं. १९०७ साली सामिनला पकडून जावाबाहेर धाडलं, १९१४ मध्ये तो सुमात्रात पादांगला वारला. त्याच्याबद्दलचे अहवाल त्याला हेकट आणि मूढ म्हणतात. अहवाल लिहिणाऱ्याची पंचाईत अशी की विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न मिळाल्याने त्याला ती उत्तरं जशीच्या तशी लिहावी लागली, आणि त्यामुळे शेतकऱ्याचं बोलणं इतकं शब्दशः टिकलं. एरवी टिकत नाही. लाकूडचोरीचे तक्ते मात्र जपून वापरावेत. रक्षक दुप्पट केले की गुन्हेही वाढतात. तो तक्ता खात्याच्या हजेरीचा असतो.

कागदाबाहेरचा साक्षीदार म्हणजे झाडाची वर्तुळं. उष्ण कटिबंधातल्या बहुतेक झाडांत वर्षाचं वर्तुळ स्पष्ट नसतं. साग अपवाद, कारण कोरड्या महिन्यांत तो पानं टाकून थांबतो. जावाच्या सागावरून हवामानतज्ज्ञ बर्लागे यांनी १९३१ सालीच १५१४ ते १९२९ अशी सलग मालिका मांडली. पुण्यातल्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतही सागाच्या वर्तुळांवर १९८० च्या दशकापासून काम चाललंय, सुरुवातीचं तर ठाण्याच्या झाडांवरच होतं. काम किचकट आहे. पोकळ गिरमिटाने साधारण ५ मिलिमीटर जाडीची कांडी काढायची, पण साग कठीण आणि त्यात ते अडकतं. शक्य असेल तिथे पाडलेल्या झाडाच्या खोडाची चकती बरी. चकतीवर वर्तुळ पूर्ण फिरतं का ते बघता येतं. सागात काही वर्तुळं एका बाजूला शून्य होतात, आणि मधेच पाऊस पडून गेला तर एका वर्षात दोन उमटतात. कांडी कागदाच्या नळीत ठेवायची, प्लॅस्टिकमध्ये बुरशी येते. पॉलिश कागद ८० नंबरपासून चढत ४०० च्या पुढे न्यायचा. एकेका झाडाच्या दोन त्रिज्या, अशी निदान पंधरा-वीस झाडं, आणि अरुंद वर्तुळांचा क्रम एकमेकांशी जुळवत न्यायचा. एक वर्ष चुकलं की मागची सगळी चुकतात.

आणि जुळलं तरी उतावीळ होऊ नये. व्हिएतनामच्या डोंगरातल्या जुन्या सूचिपर्णी झाडांनी चौदाव्या शतकाच्या मध्यात आणि पंधराव्याच्या सुरुवातीला मोठे दुष्काळ दाखवले, तेव्हा ‘अंगकोर दुष्काळाने बुडालं’ असे कंबोडियाच्या त्या जुन्या राजधानीबद्दल मथळे झाले. पुढे तिथल्या अंगकोर थोम या तटबंद शहराच्या खंदकातला गाळ तपासला तर शहराच्या मध्यातली शेती आणि वर्दळ चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच हळूहळू कमी होताना दिसली. दुष्काळ खरा. लोक त्याआधीच निघायला लागले होते हेही खरं. दोन साक्षीदार भांडतात तेव्हाच लिहायला काहीतरी असतं.

आता पोटापाण्याचं. बहासा इंडोनेशिया वर्षभरात वाचण्यापुरती येते. वाचण्यापुरती डच आणखी वर्ष, जुन्या हस्ताक्षरासह दीड. जावानी लिपी महिन्यात येते, भाषा येत नाही. आणि अरबी अक्षरांत जावानी लिहायची पेगॉन लिपी वेगळी. जुन्या जावानीत संस्कृतवाल्याला सुरुवात सोपी: झोएटमुल्डरच्या जुन्या जावानी कोशातल्या पंचवीस हजारांवर नोंदींपैकी जवळपास निम्म्या संस्कृतातून आलेल्या. पण व्याकरणाची चौकट पूर्णपणे निराळी, आणि ओळखीचे शब्द बघून ‘हे तर आपलंच’ म्हणणाऱ्यांनी भारतात या विषयाचं पुष्कळ नुकसान केलंय. बृहत्तर भारताच्या उमाळ्यात बोरोबुदुरचा दगड बघितला, तो वाहणाऱ्यांचा भात कुठल्या खाचरातून आला हे विचारलं नाही. भाषा धरून डॉक्टरेटला सहा-सात वर्षं जातात आणि शिष्यवृत्ती बहुधा चारची. म्हणून दोन भाषा नोंदणीच्या आधीच कराव्यात. इतिहास विभाग म्हणतो हे भूगोलात जा, भूगोलवाले म्हणतात नकाशे कुठेत. अर्ज दोन तऱ्हेने लिहून ठेवावा. लायडन आणि सिंगापूर इथल्या फेलोशिप सहा महिने ते दोन वर्षांच्या, त्यांच्यात उड्या मारत काही वर्षं काढावी लागतात. एका जागेचं खोल ज्ञान मात्र उपयोगी पडतं. इतिहासकार अँथनी रीड यांनी १९६० च्या दशकात सुमात्रातल्या आचेहचा राजकीय इतिहास केला होता. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामीने तोच किनारा धुतला, आणि भूकंप-ज्वालामुखींना इंडोनेशियाच्या इतिहासात जागा द्या हे म्हणायला चाळीस वर्षं ती जागा ठाऊक असलेला माणूस हजर होता.

सध्या घाई झाली आहे ती लाकडाची. १९९८ साली राष्ट्राध्यक्ष सुहार्तो सत्तेवरून गेला आणि पुढची काही वर्षं जावाच्या सरकारी सागवनांत प्रचंड तोड झाली. तिचे आकडे पुन्हा वनखात्याचेच. उरलेले बुंधे खणून मुळांचं फर्निचर होतं, जुन्या जोग्लो, म्हणजे जावाच्या पारंपरिक लाकडी, घरांचे खांब-तुळया सुट्या करून बालीच्या व्हिलांत आणि परदेशी जातात. म्हणजे दोन-तीनशे वर्षांची वर्तुळं जेपारा या फर्निचरच्या गावच्या वखारीत ढिगाने पडलेली आहेत, पण घर कुठल्या गावचं हे हरवलेलं. वखारवाला गिऱ्हाइकाला आवडेल ते नाव सांगतो, बहुतेकदा दमाक. कारण दमाकच्या मशिदीचे खांब सर्वांना ठाऊक, त्यातला एक तर लाकडाच्या ढलप्या जोडून केला अशी सुनान कालिजागा या संताची आख्यायिका आहे. (लाकूड कमी पडलं होतं का, हा प्रश्न मनात येतो, आख्यायिकेवर तो लादू नये.) तेव्हा मालकाला विचारूच नये. घरं उतरवणारा सुतार गाठावा आणि विचारावं: कुठल्या रस्त्याने आणलं, ट्रक कुठे भरला, खांबांवर जुळणीच्या खुणा होत्या का. मग तुळईची कड बघावी. सालीखालचं फिकट रसकाष्ठ थोडं तरी शिल्लक असेल तर झाड तोडल्याचं साल अंदाजाने का होईना काढता येतं. कड तासून टाकलेली असेल तर फक्त ‘या सालानंतर’ एवढंच म्हणता येतं, आणि तेवढंच लिहावं.